गोठलेल्या दह्याला एवढी साखर का लागते?

एप्रिल उजाडला की सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि रात्रीच्या जेवणानंतर काहीतरी थंडगार हवेसे वाटते. यंदा जुळे सोलापुरातील एका सुपरमार्केटमध्ये आइस्क्रीमच्या शेजारी त्या दुकानाच्याच नावाचे फ्रोजन योगर्ट दिसले. अर्ध्या लिटरचा डबा, नावाजलेल्या आइस्क्रीमपेक्षा बराच स्वस्त आणि झाकणावर ठळक अक्षरांत ‘लो फॅट’. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माझ्या आईने तो पाहताच विचारले, ‘‘दह्याचंच आहे ना हे? मग मला चालेल की.’’ तिला एका शब्दात उत्तर देता येईना, म्हणून डब्यावरचा बारीक मजकूर आणि स्वयंपाकघरातील वजनकाटा घेऊन मी बसलो.

आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये ३ ग्रॅमपेक्षा जास्त स्निग्धांश नसेल, तरच ‘लो फॅट’ असे म्हणता येते. या डब्यावर स्निग्धांश २.६ ग्रॅम होता, म्हणजे झाकणावरचा दावा खरा होता. साध्या आइस्क्रीममध्ये हाच दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के असावा लागतो. एका ग्रॅम स्निग्धांशातून ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, त्यामुळे नुसत्या या फरकाने १०० ग्रॅममागे सुमारे ६५ किलोकॅलरी वाचतात. इथपर्यंत आईचे म्हणणे बरोबर ठरते. मात्र त्याच तक्त्यात खाली एकूण साखर २१ ग्रॅम आणि त्यांपैकी वरून घातलेली साखर १६ ग्रॅम असे आकडे होते. उरलेली ५ ग्रॅम ही दुधातलीच दुग्धशर्करा, म्हणजे लॅक्टोज. घातलेल्या साखरेचे हे प्रमाण साध्या आइस्क्रीमइतकेच आहे.

उत्पादकाने काटकसर केली किंवा ग्राहकाला गोडाची चटक लावायची म्हणून साखर ओतली, असा निष्कर्ष इथे काढणे सोपे आहे, पण ते पूर्ण सत्य नाही. या साखरेचा बराचसा भाग भौतिकशास्त्रच मागून घेते. घरचे साधे दही रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून पाहावे, सकाळी त्यात चमचा शिरत नाही. दूध शून्याखाली जेमतेम अर्ध्या अंशाला गोठू लागते, दह्याचेही फारसे वेगळे नसते आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये त्यातील बहुतेक सगळ्या पाण्याचा बर्फ होतो. पाण्यात साखर विरघळली की तिचे रेणू पाण्याच्या रेणूंना स्फटिकाच्या रचनेत सहज बसू देत नाहीत, म्हणून बर्फ धरायला आणखी थंडी लागते. शिवाय जसजसा बर्फ धरत जातो, तसतसे उरलेले पाणी अधिकाधिक दाट पाकासारखे होते आणि गोठेनासे होते. न गोठलेल्या या पाकामुळेच डब्यातून गोळा काढता येतो. उन्हाळ्यात पॉट आइस्क्रीम करताना लाकडी बादलीतल्या बर्फात आपण खडेमीठ टाकतो, त्यामागचे तत्त्वही हेच आहे. मीठ बर्फाचा वितळणबिंदू खाली ओढते आणि भांड्याबाहेरचे मिश्रण शून्याच्या कितीतरी खाली जाते. बाहेर जे काम मीठ करते, ते आत साखर करते.

हा परिणाम रेणूंच्या संख्येवर ठरतो, वजनावर नाही. डब्यावरच्या घटकांत साखरेबरोबर डेक्स्ट्रोज लिहिलेले होते, त्याचे कारण यात सापडते. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोज. त्याचा रेणू आपल्या नेहमीच्या साखरेच्या रेणूच्या जवळपास निम्म्या वजनाचा असतो, त्यामुळे तेवढ्याच ग्रॅममध्ये जवळपास दुप्पट रेणू मिळतात आणि पदार्थ अधिक मऊ राहतो. गोडी मात्र साखरेहून कमी असते. जिभेला कमी गोड लागणारी ही साखर रक्तात साखर म्हणूनच मोजली जाते, हे मधुमेहींनी विशेष लक्षात ठेवावे.

दुसरे कारण आपल्या जिभेत आहे. गोड चव ओळखणाऱ्या पेशींमध्ये आयनांची ये-जा होऊ देणारा एक मार्ग असतो आणि तो थंडीत मंदावतो, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. परिणामी तीच साखर गार पदार्थात कमी गोड लागते. मी या योगर्टचा एक चमचा वाटीत काढून तासभर तसाच ठेवला. वितळून पातळ झालेले ते गुलाबीसर दूध चाखले, तेव्हा बासुंदीच्या तळाशी उरलेल्या आटीव थराइतके गोड लागले आणि आंबटपणा शोधावा लागला. ही चाचणी कोणालाही घरी करता येईल आणि लेबलवरच्या आकड्यापेक्षा ती अधिक लक्षात राहते. त्यात दही मुळात आंबट आणि स्निग्धांश काढून घेतल्यामुळे तोंडात रेंगाळणारा मऊपणाही कमी, म्हणून या दोन्हींची भरपाईसुद्धा साखरेलाच करावी लागते.

आता वजनकाट्याकडे येऊ. अर्ध्या लिटरच्या या डब्यातील ऐवज ३५० ग्रॅम भरला. हे मिश्रण पाण्यापेक्षा किंचित जड असते, त्या हिशेबाने डब्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग हवेने व्यापलेला होता. मिश्रण गोठवताना त्यात हवा घुसळावीच लागते, नाहीतर त्याची वीट होईल. पण आइस्क्रीममध्ये ही हवा बहुधा याहून जास्त असते. आपल्याकडचा नियम एक लिटर आइस्क्रीमचे वजन किमान ५२५ ग्रॅम असावे असे सांगतो, म्हणजे जवळपास निम्मी हवा चालते. आपण घरी ग्रॅमने खात नाही, वाटीने खातो. दीडशे मिलिलिटरची वाटी भरली, तर या योगर्टचे १०५ ग्रॅम पोटात जातात, तर हलक्या आइस्क्रीमचे सुमारे ८० ग्रॅम. घातलेल्या साखरेचा हिशेब योगर्टच्या वाटीत सुमारे १७ ग्रॅम आणि आइस्क्रीमच्या वाटीत सुमारे १३ ग्रॅम असा निघतो. स्निग्धांश आणि साखर यांचाच हिशेब धरला, तर ऊर्जेतील फरकही २५-३० किलोकॅलरींवर येऊन थांबतो. वाटीभर ‘आरोग्यदायी’ पर्यायातून आईला आइस्क्रीमपेक्षा जास्त साखर मिळाली असती, ही गोष्ट मला खरोखर अस्वस्थ करून गेली. वरून घातलेल्या आणि तत्सम साखरेतून दिवसाच्या ऊर्जेपैकी १० टक्क्यांहून कमी, आणि जमल्यास ५ टक्क्यांहून कमी ऊर्जा यावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवले. दोन हजार किलोकॅलरींच्या आहारात हे ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम.

राहिला दह्यातील जिवाणूंचा मुद्दा. दही म्हटले की पोटाला चांगले, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे आणि तिला आधारही आहे. योगर्टमध्ये ठरावीक दोन जिवाणू लागतात, लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. घरच्या विरजणात मात्र वेगवेगळ्या जिवाणूंची सरमिसळ असते. त्या दोघांना जिवंत खाल्ले, तर दुग्धशर्करा पचायला मदत होते, हा दावा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० साली मान्य केला. त्यासाठी घातलेली अट मात्र महत्त्वाची आहे: दर ग्रॅममध्ये किमान १० कोटी जिवाणू जिवंत असायला हवेत. गोठल्याने जिवाणू सगळे मरत नाहीत. बरेच जण सुप्तावस्थेत तग धरतात आणि काही मात्र बर्फाच्या स्फटिकांनी जायबंदी होतात. पण विरजल्यानंतर मिश्रण पुन्हा तापवले असेल, तर कोणीच उरत नाही. आमच्या डब्यावर योगर्टचे प्रमाण १२ टक्के होते. दूध आणि साखर यांची नावे त्याच्या आधी आली होती आणि जिवंत जिवाणूंचा उल्लेख कुठेही नव्हता. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्यामुळे ही यादी पुरेशी बोलकी असते.

घटकांत आयएनएस ४१२ हा आकडा पाहून अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. तो गवार डिंक आहे, आपल्या गवारीच्याच बियांपासून काढलेला. तो पाणी धरून ठेवतो आणि बर्फाचे कण मोठे होऊ देत नाही, त्यामुळे त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. सोलापूरच्या उन्हापुढे मात्र त्याचेही फारसे चालत नाही. दुपारी दुकानातून घरी येईपर्यंत स्कूटरच्या डिकीत डबा कडेने वितळला आणि फ्रीजरमध्ये पुन्हा गोठला. वितळताना लहान स्फटिक आधी नाहीसे होतात आणि पुन्हा गोठताना ते पाणी मोठ्या स्फटिकांवर जाऊन बसते, म्हणून दुसऱ्या दिवशी कडेचा थर दाताखाली कचकच लागला. असे योगर्ट संध्याकाळी आणावे, तेही थर्मासच्या पिशवीतून.

स्वस्ताईचा दोष मी देणार नाही. जाहिरातीचा खर्च नसला की किंमत उतरते आणि नावाजलेल्या कंपन्यांच्या फ्रोजन योगर्टलाही गोठण्याचे हेच नियम लागू आहेत.

आईसाठी आम्ही आता दुसरी वाट धरली आहे. दही फडक्यात बांधून रात्रभर फ्रीजमध्ये टांगतो. पाणी निथळल्यावर उरणाऱ्या चक्क्यात प्रथिने जवळपास दुप्पट होतात आणि बर्फ धरायला पाणीच कमी राहते. त्यात करमाळ्याकडचे पिकलेले अर्धे केळे कुस्करतो. केळ्यातही साखर असतेच, ती मोजूनच धरावी लागते, पण तिच्यामुळे आणि केळ्यातील पेक्टिनमुळे चक्का लगेच दगड होत नाही. पसरट स्टीलच्या डब्यात घालून दर पाऊण तासाने काट्याने ढवळले, की तीन तासांत ते मऊ गोठते. ते त्याच रात्री संपवावे लागते, उरले तर सकाळी त्याचा दगड झालेला असतो. आई त्यावर सांगोल्याच्या डाळिंबाचे दाणे घालून घेते. पहिल्या घासाला तिने ‘‘आंबट आहे की गं’’ असे सुनेला सांगितले, तिसऱ्या दिवशी मात्र फडके तिनेच बांधून ठेवले होते.