रांग एक पाऊल मागे सरते तेव्हा

नवरात्रात कोल्हापुरात अंबाबाईच्या दर्शनाची रांग देवळाबाहेर लांबवर जाते. त्या रांगेतला प्रत्येकजण एकदम एक पाऊल मागे सरला, तर पहिली जागा रिकामी होते. पण कुणी गळत नाही आणि कुणाचा क्रमही बदलत नाही. रांग अनंत संख्यांची असेल, तर याच क्रियेला गणितात ‘शिफ्ट ऑपरेटर’ म्हणतात. त्या संख्या घातमालिकेचे (अ + ब·क्ष + क·क्ष² + … अशा अनंत बेरजेचे) सहगुणक मानल्या, की मागे सरणे म्हणजे मालिकेला ‘क्ष’ने गुणणे. इथे ‘क्ष’ ही संमिश्र संख्या आहे. ज्या मालिकांच्या सहगुणकांच्या केवलमूल्यांच्या वर्गांची बेरीज सांत असते, त्यांच्यापासून एकक वर्तुळाच्या (संमिश्र प्रतलातील १ त्रिज्येच्या वर्तुळाच्या) आत वैश्लेषिक, म्हणजे घातमालिकेने मांडता येणारी, फलने मिळतात आणि त्या सर्वांचा मिळून ‘हार्डी अवकाश’ होतो.

या अवकाशातले कोणते बंदिस्त उपावकाश (बेरीज, पट आणि सीमा घेऊनही आतच राहणारे भाग) ‘क्ष’ने गुणूनही स्वतःबाहेर जात नाहीत? १/२ या बिंदूवर शून्य होणारी सर्व फलने घ्या. त्यांना ‘क्ष’ने कितीही वेळा गुणले, तरी १/२ वरचे शून्य टिकतेच, म्हणून हा अचल उपावकाश झाला. (क्ष − १/२) भागिले (१ − क्ष/२) या एकाच फलनाच्या पटींत तो सगळा सामावतो, आणि या फलनाचे केवलमूल्य परिघावर सर्वत्र १ असते. अशा फलनांना ‘आंतर फलने’ म्हणतात. शून्येतर प्रत्येक अचल उपावकाश एकाच आंतर फलनाच्या पटींचा असतो, हे स्वीडिश गणितज्ञ आर्ने बर्लिंग यांनी १९४९ मध्ये सिद्ध केले.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते शून्ये नसलेले आंतर फलन. ‘ई’चा घातांक (क्ष + १)/(क्ष − १) घेतला, तर ते वर्तुळाच्या आत कुठेही शून्य होत नाही; तरीही क्ष = ०.९ ला घातांक −१९ येतो आणि मूल्य दहा कोटीव्या भागाहूनही लहान होते. परिघावरच्या एकाच बिंदूकडे होणारी ही घसरण संपूर्ण अवकाशातून संपूर्ण अवकाशाहून लहान असा एक अचल उपावकाश वेगळा काढते.

सहगुणकांच्या केवलमूल्यांच्या वर्गांची बेरीज म्हणजे परिघावर घेतलेली फलनाच्या केवलमूल्याच्या वर्गाची सरासरीच. ती परिघाऐवजी वर्तुळाच्या क्षेत्रफळावर घेतली, की बर्गमन अवकाश मिळतो, आणि तिथे ही सुबकता राहत नाही. १९८५ मध्ये अपोस्टोल, बर्कोविची, फोयाश आणि पिअर्सी यांनी दाखवले, की तिथले अचल उपावकाश अतोनात गुंतागुंतीचे आहेत. एकात एक असलेल्या, अनंत मितींचे अंतर असलेल्या अशा दोन उपावकाशांमध्ये तिसरा नेहमी सापडतो का, या एका प्रश्नाचे उत्तर हिल्बर्ट अवकाशातील (हार्डी अवकाशासारख्या अनंत मितींच्या विभाज्य अवकाशातील) प्रत्येक सीमित रेषीय ऑपरेटरला शून्य आणि संपूर्ण अवकाश सोडून आणखी एखादा बंदिस्त अचल उपावकाश असतो का, याचेही उत्तर ठरेल.