पेट्रोल पंपावरची गाणी आणि न थांबणारी फिल्म

१५ सप्टेंबर १९३० ला बर्लिनच्या ग्लोरिया-पालास्ट थिएटरात एक पिक्चर लागला, 'डी ड्राय फॉन डेअर टांकश्टेले', म्हणजे पेट्रोल पंपावरचे तिघे. आदल्याच दिवशी जर्मनीत निवडणूक झाली होती आणि हिटलरच्या पार्टीच्या जागा १२ वरून थेट १०७ वर गेल्या होत्या, मंदी सुरू झालेली, बेकारांचा आकडा ३० लाखांच्या आसपास, आणि पडद्यावर काय चाललंय तर तीन मित्र फिरून मजेत घरी येतात, बघतात तर दिवाळं निघालेलं, जप्तीवाले घरातलं फर्निचर उचलतायत, आणि हे तिघे रडायचं सोडून त्या बेलिफलाच उद्देशून गाणं म्हणतायत! मग गाडी विकून पेट्रोल पंप टाकतात, पाळीपाळीने ड्युटी करतात, आणि तिघंही एकाच पोरीच्या प्रेमात पडतात, पण एकमेकांना पत्ता नाही. स्टोरी म्हणून एवढंच. पण लोकांनी तुफान गर्दी केली, आणि उफा या कंपनीचा तो त्या सीझनचा सगळ्यात चाललेला पिक्चर ठरला.

डिरेक्टर विल्हेल्म टीले, प्रोड्यूसर एरिश पॉमर, संगीत वेर्नर रिचर्ड हायमान, हिरॉइन लिलियन हार्वे, आणि तिघे मित्र म्हणजे विली फ्रिच, हाइन्झ र्‍यूमान, ऑस्कर कार्लवाइस. याच्या गाण्यांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, मला मात्र त्यातलं मशीन जास्त इंटरेस्टिंग वाटतं, कारण हा पिक्चर इतका हलकाफुलका का वाटतो याचं अर्धं उत्तर त्या मशीनमध्ये आहे.

सगळा घोळ एका गोष्टीत आहे. पिक्चर दिसायला हवा असेल तर फिल्म थांबावी लागते. म्हणजे प्रोजेक्टरमध्ये प्रत्येक फ्रेम खिडकीसमोर येते, क्षणभर स्थिर राहते, मग शटर पडतं, फिल्म झटक्यात एक घर खाली ओढली जाते, परत थांबते, आणि हे सेकंदाला २४ वेळा. थांबली नाही तर पडद्यावर नुसता फराटा दिसेल. आणि आवाजाला बरोब्बर उलटं हवं असतं, फिल्म जराही थांबता कामा नये, एका ठरलेल्या स्पीडने सरळ सरकत राहिली पाहिजे, कारण आवाज सलग असतो, त्याला फ्रेमबिम काही नसते. आता ही दोन कामं एकाच ३५ मिलिमीटरच्या पट्टीवर, एकाच वेळी करायची. कसं करणार?

तर यावरची तोड अशी की दोन्ही कामं पट्टीच्या वेगवेगळ्या जागी करायची. वर खिडकीपाशी फिल्म धक्के खात जाते, मग एक ढिला लूप ठेवायचा, आणि पुढे साधारण २० फ्रेम अंतरावर फिल्म एका गुळगुळीत रोलरवरून सलग जाते, तिथे आवाज वाचायचा. एक फ्रेम म्हणजे १९ मिलिमीटर, म्हणजे २० फ्रेम झाल्या ३८ सेंटिमीटर. त्यामुळे हिरोचं तोंड ज्या फ्रेममध्ये उघडतं, त्याचा आवाज त्या फ्रेमच्या शेजारी छापलेलाच नसतो, तो ३८ सेंटिमीटर पुढे असतो. दोघं एका पट्टीवर राहतात पण शेजारी राहत नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे यातूनच गंमत होणार आहे.

हा आवाज छापलेला कसा असतो? फिल्मच्या कडेला एक अरुंद पट्टा, त्यात काळ्या-राखाडी बारीक रेघा. मागून बारीक उजेड टाकायचा, रेघ गडद असली की उजेड कमी पलीकडे जातो, फिकट असली की जास्त. पलीकडे फोटोसेल, त्यात पोटॅशियमसारख्या धातूवर उजेड पडला की इलेक्ट्रॉन सुटतात, उजेड कमीजास्त झाला की करंट कमीजास्त होतो, तो करंट व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरने मोठा करायचा आणि स्पीकरला द्यायचा. फिल्म सेकंदाला ४५६ मिलिमीटर जाते, त्यामुळे १००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला हजार लाटांच्या, सुराची एक लाट फिल्मवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी जागेत बसते, आणि ६००० हर्ट्झची लाट ०.०७६ मिलिमीटरमध्ये, म्हणजे जवळपास एका केसाच्या जाडीत. उजेडाची फट त्याहूनही अरुंद लागते, नाहीतर स, श सारखे अक्षरांचे आवाज सगळे चिखलात. सुरुवातीच्या बोलपटांमधले लोक नाकात बोलल्यासारखे का वाटतात, तर असे वरचे सूर पार लाऊडस्पीकरपर्यंत जाईपर्यंत गळून पडायचे.

जर्मनीत हे काम बर्लिनमधल्या तिघांनी केलं, हान्स फोग्ट, यो एंगल आणि योझेफ मासोले. त्यांच्या सिस्टिमचं नाव ट्राय-एर्गोन. १७ सप्टेंबर १९२२ ला बर्लिनच्या अल्हाम्ब्रा थिएटरात त्यांनी पहिला पब्लिक डेमो दिला. आणि फोटोसेलमागचं फिजिक्स ज्याने समजावलं त्या आइन्स्टाइनला त्याच कामासाठी नोबेल जाहीर झालं ते त्यानंतर दोनच महिन्यांनी, आणि तेव्हा तोही राहायला बर्लिनमध्येच, काय योग बघा. पण या तिघांनी आवाजाचा पट्टा फिल्मच्या कडेच्या भोकांच्या बाहेर घेतला, त्यामुळे फिल्म ४२ मिलिमीटर रुंद झाली, म्हणजे जगातल्या कुठल्याच नेहमीच्या प्रोजेक्टरमध्ये ती बसेना. १९२५ च्या डिसेंबरमध्ये उफाने त्यांच्याकडून आगपेटीवाल्या मुलीच्या गोष्टीवर एक छोटी फिल्म करून घेतली, शोला आवाजाने दगा दिला, आणि उफाने सरळ हात झटकले. चार वर्षांनी अमेरिकन बोलपट दारात येऊन उभे राहिले तेव्हा मात्र पळापळ! मधल्या काळात पेटंटं टोबिस कंपनीकडे गेली, सीमेन्स आणि एईजी या विजेच्या सामानाच्या कंपन्यांनी मिळून क्लांगफिल्म काढली, भांडणं झाली, समेट झाला, जुलै १९३० मध्ये पॅरिसला अमेरिकनांबरोबर जगाच्या बाजाराची वाटणीसुद्धा झाली. त्या पेटंटयुद्धात फार शिरत नाही, वाचून डोकं फिरतं.

पण त्यातलं एक पेटंट सांगायलाच हवं. फिल्मच्या कडेला भोकं असतात, एका फ्रेमला चार, म्हणजे सेकंदाला ९६ भोकं दात्यांवरून जातात. प्रत्येक दाता फिल्मला बारीकसा झटका देतो, आणि तो ९६ हर्ट्झचा झटका आवाजात घरघर बनून मिसळतो. डोळ्याला हे कळणारसुद्धा नाही, मूकपटाच्या काळात तर ऑपरेटर हाताने स्पीड कमीजास्त करायचे आणि कोणाची तक्रार नसायची. कानाचं तसं नाही. स्पीड ६ टक्के बदलला की अख्खा सूर पुढच्या पट्टीत जातो, आणि अर्धा-एक टक्का जरी हलला तरी पियानोचा लांबवलेला सूर थरथरायला लागतो. उपाय काय, तर आवाज वाचायच्या रोलरला एक जड चाक जोडायचं, फ्लायव्हील. जड चाक एकदा फिरायला लागलं की छोट्या झटक्यांना दाद देत नाही. ट्राय-एर्गोनवाल्यांनी याचंही पेटंट घेतलेलं, विल्यम फॉक्सने अमेरिकेतले हक्क विकत घेतले, आणि केस पार अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेली. १९३५ मध्ये कोर्टाने सांगितलं की फ्लायव्हीलने गती एकसारखी होते हे मेकॅनिक लोकांना आधीपासून माहीत आहे, पेटंट रद्द. खरं सांगायचं तर कोर्टाचं बरोबर होतं, पण त्या चाकाशिवाय १९३० चं एकही गाणं ऐकवलं नसतं.

आता रेकॉर्डिंगची बाजू. क्लांगफिल्मच्या रेकॉर्डिंगमध्ये केर सेल नावाची वस्तू वापरली जायची, नायट्रोबेन्झिन या द्रवात दोन प्लेटा, दोन्ही बाजूंना पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत थरथरणारा उजेड जाऊ देणारी गाळणी, माइकवरून आलेला व्होल्टेज प्लेटांना दिला की द्रवातून जाणाऱ्या उजेडाचं पोलरायझेशन बदलतं आणि दुसऱ्या पोलरायझरमधून कमी किंवा जास्त उजेड बाहेर पडतो. यात हलणारा भाग एकही नाही, म्हणून कितीही वेगाने बदलणारा आवाज असला तरी मागे पडत नाही. सुंदर आयडिया. अडचण होती ती माइकच्या पुढे. कॅमेरा स्वतःच मशीनगनसारखा वाजायचा म्हणून त्याला पेटीत कोंडलं, आर्क दिवे सूं सूं करायचे म्हणून तारेचे बल्ब आणले, आणि स्टुडिओच नवा बांधला. १९२९ मध्ये उफाने नॉयबाबेल्सबर्गला टोनक्रॉइत्स उभारलं, आर्किटेक्ट ओटो कोट्स, क्रॉसच्या आकारात चार स्टुडिओ, मधे चौक, बाहेरच्या विटांच्या भिंतींना खिडक्याच नाहीत. आत हातपाय बांधल्यासारखं काम. त्या वर्षाचे बरेच बोलपट बघवत नाहीत याचं कारण हेच, सगळे जण लपवलेल्या माइककडे तोंड करून स्तब्ध उभे.

मग टीलेच्या पिक्चरमध्ये ही मंडळी उड्या कशा मारतात?

इथे ते ३८ सेंटिमीटर परत येतात. दृश्य आणि आवाज एकाच निगेटिव्हवर घेतले तर एडिटिंगला कात्री लावता येत नाही, कारण एक फ्रेम कापली की जो आवाज कापला जातो तो पाऊण सेकंदानंतरच्या भलत्याच फ्रेमचा असतो. म्हणून मोठ्या स्टुडिओंनी ठरवलं की दोन वेगळ्या फिल्म, दोन वेगळी मशीनं, सिंक्रोनस मोटरींनी एका ठेक्यात चालवलेली, सुरुवातीला क्लॅप, आणि लग्न लावायचं ते शेवटी प्रिंट काढताना. हे केलं निव्वळ कापाकापीच्या सोयीसाठी. पण एकदा आवाजाची फिल्म हातात सुटी आली की म्युझिकल कॉमेडीवाल्यांच्या लक्षात आलं, अरे, गाणं सलग ठेवायचं आणि त्याच्याखाली दृश्य हवं तेवढं तोडायचं! बोलताना माणसाचं तोंड दिसलंच पाहिजे, पण गाणं चालू असताना कॅमेरा कुठेही भटकू शकतो. गंभीर नाटकांच्या बोलपटांना हे उशिरा सुचलं, कॉमेडीवाल्यांना आधी, आणि माझ्या मते कारण सरळ आहे, त्यांना खरं वाटवून द्यायचंच नव्हतं. या पिक्चरच्या शेवटी तर हिरो-हिरॉइन पडद्यासमोर येतात, प्रेक्षक अजून बसलेत हे बघून चकित होतात, आणि ऑपेरेटा, म्हणजे हलकंफुलकं संगीत नाटक, म्हटलं की फिनाले, शेवटचा धमाका, पाहिजेच म्हणून सगळ्या नटांसकट मोठा नाच होतो.

पुढच्याच वर्षी, १९३१ मध्ये, एरिक शारेलच्या 'डेअर कोंग्रेस टान्झ्ट' मध्ये लिलियन हार्वे उघड्या बग्गीत बसून बाजारातून, माळावरून गात जाते, कॅमेरा बरोबर पळतोय, शॉट संपता संपत नाही. टपटपणारे घोडे, चाकांचा खडखडाट, वारा, यात लाइव्ह गाणं पकडणं शक्यच नव्हतं. गाणं आधी रेकॉर्ड करायचं आणि शूटिंगला लाऊडस्पीकरवर वाजवून तोंड हलवायचं, आपल्याकडे ज्याच्यावर पुढे अख्खी इंडस्ट्री उभी राहिली ते प्लेबॅक.

आपल्याकडे त्याच सुमाराला काय होतं बघा. १४ मार्च १९३१ ला मुंबईत गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, तो टॅनर मशीनवर घेतलेला, दृश्य आणि आवाज एकाच निगेटिव्हवर. शेजारून रेल्वे जायची म्हणून शूटिंग रात्री, आणि वादक सेटवरच कुठेतरी आडोशाला लपवलेले. म्हणजे अर्देशीर इराणींनी सात गाणी अशा मशीनवर घेतली ज्यात कात्रीला जवळपास मनाईच होती, याचं कौतुक कमीच होतं.

अजून एक भानगड म्हणजे भाषा. मूकपटाला पाट्या बदलल्या की झालं, बोलपटाचं काय? डबिंग तेव्हा भरवशाचं नव्हतं, तर उफा सरळ त्याच सेटवर तोच पिक्चर दुसऱ्या भाषेत परत शूट करायची. पेट्रोल पंपवाल्याचीही फ्रेंच आवृत्ती निघाली, हिरो बदलून आंरी गारा, हिरॉइन मात्र तीच, कारण लंडनमध्ये जन्मलेल्या लिलियनला इंग्लिश, जर्मन, फ्रेंच तिन्ही यायच्या. कोल्हापुरात प्रभातने १९३२ चा 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत असाच वेगवेगळा शूट केला. आणि पुढच्या वर्षी व्ही. शांताराम 'सैरंध्री' घेऊन रंगीत प्रिंटसाठी थेट जर्मनीला गेले, रंग काही मनासारखे आले नाहीत. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये तर १९३४ पासून डिरेक्टर फ्रान्झ ऑस्टेन आणि कॅमेरामन योझेफ वीर्शिंग, दोघं जर्मनच.

तिकडे १९३३ मध्ये हिटलर आला आणि हायमान, पॉमर, टीले, गाणी लिहिणारा रॉबर्ट गिल्बर्ट, सगळ्यांना देश सोडावा लागला. १९३७ मध्ये पिक्चरवरच बंदी. त्यात वकिलाचं काम करणारा कुर्ट गेरोन हॉलंडला पळाला, पण तिथे सापडला आणि १९४४ मध्ये ऑशविट्झला मारला गेला.

बघायचा असेल तर एक सांगतो, प्रिंट कुठली आहे ते तपासा. युरोपातल्या जुन्या टीव्ही आणि डीव्हीडी कॉप्या सेकंदाला २५ फ्रेमने चालवलेल्या असतात, म्हणजे ४ टक्के जलद, त्यामुळे सगळी गाणी पाऊण सेमीटोन, म्हणजे पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या पाऊण, वर चढतात आणि आधीच बारीक असलेला लिलियनचा आवाज अजून बारीक होतो. रिस्टोअर केलेली २४ फ्रेमवाली मिळाली तर तीच घ्या.