हंगेरियन तारीख सालापासून का सुरू होते, आणि दीड वाजले की ते 'अर्धे दोन' का म्हणतात

हंगेरियन माणूस तारीख लिहितो ती अशी: १८४८. मार्च १५. म्हणजे आधी साल, मग महिना, मग दिवस, आणि सालापुढे टिंब, दिवसापुढेही टिंब. बाकी युरोप बहुतेक दिवसापासून सुरू करतो, त्यामुळे बाहेरच्याला हे उलटं वाटतं. पण त्यांचं नावही आडनावापासून सुरू होतं, पत्त्यात पण आधी गाव मग रस्ता मग घर नंबर, सगळीकडे मोठ्याकडून लहानाकडे. ते टिंब म्हणजे 'वा/वी', म्हणजे १५वी तारीख. जुन्या सरकारी कागदावर हेच लांबलचक लिहायचे, 'अमुकाव्या सालच्या मार्च महिन्याच्या १५व्या दिवशी', आज आपण बघतो ते त्याचंच आटलेलं रूप.

बोलताना मात्र गंमत आहे. साल साध्या आकड्यात वाचतात, पण दिवस म्हणतात 'तिझेनोतोदिके', म्हणजे 'त्याची पंधरावी', मार्चची पंधरावी. त्या शेवटच्या 'के'तच तो 'त्याची' लपलाय. '१५ला' म्हणायचं तर अजून एक प्रत्यय लागतो, मग टिंब उडतं आणि तिथे छोटी रेघ येते. हे नियम विज्ञान अकादमी ठरवते, पहिलं शुद्धलेखनाचं पुस्तक १८३२चं, आत्ताची १२वी आवृत्ती २०१५ची, आणि तरी टिंब कुठे द्यायचं कुठे नाही यावर लोक अडखळतातच.

पण हा क्रम सोडला तर बाकी माल बराचसा बाहेरचा. महिन्यांची नावं सरळ लॅटिन, यानुआर, फेब्रुआर वगैरे (छोट्या अक्षरात लिहायची हं). त्याआधी चर्चची नावं चालायची, जानेवारी म्हणजे माउली मरियमचा महिना, जून म्हणजे सेंट इव्हानचा, डिसेंबर नाताळचा. मध्ययुगातल्या कागदांवर तर कितीदा तारखेऐवजी 'अमुक संताच्या सणाच्या दिवशी' एवढंच असायचं. १८व्या शतकाच्या शेवटी भाषाशुद्धीची लाट आली तेव्हा बार्त्सॉफॉल्वी साबो दाविद नावाच्या लेखकाने बाराही महिन्यांना अस्सल हंगेरियन नावं काढली, ऑक्टोबरला द्राक्षाच्या ताज्या रसावरून 'मुश्तोनोश', पण लोकांनी काय ती उचलली नाहीत. संत मात्र अजून कॅलेंडरात ठाण मांडून आहेत कारण प्रत्येक तारखेला कुणाचा ना कुणाचा नामदिवस (त्या नावाच्या माणसांचा सण) असतो, आणि १८, १९, २१ मार्चला शांदोर, योझेफ, बेनेदेक येतात ते पोत्यात भरून ऊब आणतात अशी म्हणच आहे.

मधे एक घोळही होऊन गेला. पोपने १५८२मध्ये नवं कॅलेंडर काढलं, ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्यातल्या राजाच्या ताब्यातल्या हंगेरीने ते १५८७ला घेतलं, पण ट्रान्सिल्व्हेनियाने (पूर्वेकडचा, तेव्हा वेगळं राज्य असलेला हंगेरियन मुलूख) १५९०ला. म्हणजे मधली काही वर्षं एकच भाषा बोलणाऱ्या लोकांच्या तारखांत १० दिवसांचा फरक, त्या काळातली पत्रं वाचणाऱ्याला हे बघावंच लागतं.

मला सगळ्यात आवडतात ते वार. सोमवार 'हेतफो' म्हणजे आठवड्याचं डोकं, मंगळवार 'केद' म्हणजे दुसरा, इथपर्यंत घरचं. पुढे बुध, गुरू, शुक्र शेजारच्या स्लाव्ह लोकांकडून घेतले, आणि शनिवारचं 'सोंबॉत'ही त्याच वाटेने आलं, मूळ ज्यूंचा सब्बाथ. आणि रविवार? 'वॉशारनॉप', बाजाराचा दिवस! हा 'वाशार' इराणी भाषेतून फार पूर्वी आलेला, आणि आपल्याकडे फारसीतून आला तो 'बाजार' त्याचाच भाऊ. पुढे ११व्या शतकात पहिल्या बेला राजाने बाजार रविवारवरून शनिवारी नेला, रविवार चर्चचा म्हणून, पण नाव काही बदललं नाही. शनिवारच्या बाजाराचं गाव म्हणजे सोंबॉतहेय, ते पश्चिमेला आजही आहे. बुधवारच्या बाजारावरून नाव पडलेली गावं तर आता स्लोव्हाकिया आणि रोमानियातही सापडतात, कारण पहिल्या महायुद्धानंतर सीमा हलल्या. आणि व्याकरणात पण रविवार वेगळाच, 'सोमवारी, मंगळवारी' म्हणताना सगळ्यांना प्रत्यय लागतो, रविवार मात्र तसाच राहतो.

आता घड्याळ. १:३०ला ते म्हणतात 'फेल केत्तो', अर्धे दोन. १:१५ म्हणजे 'पाव दोन' आणि १:४५ 'पाऊण दोन'. आपण सव्वा आणि साडे झालेल्या तासावर मोजतो, ते चालू असलेला तास किती भरला ते सांगतात, दुसरा तास पाव भरला, अर्धा भरला. पावणेदोन तेवढं आपल्याला लगेच कळतं, पण 'पाव दोन' ऐकून नवखा माणूस सव्वादोनला पोचतो आणि समोरचा तासभर ताटकळतो. ही पद्धत एकट्या हंगेरीची नाही, व्हिएन्नाकडचे जर्मन बोलणारे आणि चेक लोकही असंच म्हणतात, सगळा जुन्या हॅब्सबर्ग राज्याचा पट्टा. आणि तसं बघितलं तर आपलं अडीचही संस्कृतच्या 'अर्धतृतीय'वरूनच आलंय, म्हणजे अर्धा तिसरा, फक्त आपण ते विसरलो.

१:२५ सांगायचं तर म्हणणार 'पाच मिनिटांनी अर्धे दोन'. सकाळ-दुपारचा हिशोब माध्यान्हीवरून, 'देलेलोत' माध्यान्हीआधी आणि 'देलुतान' नंतर, त्यांचंच छोटं रूप 'दे.' आणि 'दु.' कॉम्प्युटरवर एएम-पीएमच्या जागी दिसतं. पण स्टेशनवरच्या बोर्डावर सगळं २४ तासांचं. तिकिटावर १३.३० असतं आणि ते तिकीट हातात धरून माणूस शेजाऱ्याला सांगतो गाडी अर्ध्या दोनला आहे.