पाण्याच्या रेणूने मोडलेले कवच

2024 च्या लोकसभा निवडणुकीत आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत मतदान केंद्र होते. बंदोबस्तावर असलेल्या एका जवानाने दुपारच्या जेवणाच्या वेळी आपले बुलेटप्रूफ जॅकेट काढून हापशाजवळच्या ओट्यावर भर उन्हात वाळत घातले होते. ते घामाने चिंब झाले होते आणि वाळू लागलेल्या खोळीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उमटली होती. भोवती जमलेल्या पोरांचे एकमत होते की आत लोखंडाची पाटी असते आणि गोळी तिच्यावर आपटून आल्या वाटेने परत जाते. मोठ्या माणसांचाही समज याहून फार वेगळा नसतो. मी मात्र त्या मिठाच्या रेघेकडे पाहत होतो, कारण घाम आणि ऊन या दोन गोष्टींनीच अमेरिकेतील एका लहानशा गावचा कवचाचा कारखाना बुडवला होता.

पिस्तुलाच्या गोळीसाठीचे जॅकेट हे मुळात कापड असते. रायफलच्या गोळीसाठी सिरॅमिकची कडक पाटी वेगळी घालावी लागते, तिचा विषय येथे नाही. नऊ मिलिमीटरची आठ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला सुमारे 400 मीटर वेगाने येते तेव्हा तिच्यात अंदाजे 640 ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे 65 किलोचे पोते एक मीटर उंचीवरून सोडल्यावर जमिनीला जेवढी बसते तेवढी. ही ऊर्जा बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर न राहता पसरली पाहिजे. सुतळीने विणलेल्या बाजेवर पोराने उडी मारली की त्याच्या पायाखालच्या दोनच सुतळ्या ताणल्या जात नाहीत, बाजेच्या चौकटीपर्यंतची सारी वीण खाली येते; जॅकेटमध्येही तेच घडते. फरक वेळेचा आहे. धाग्यातील ताण त्या धाग्यातल्या ध्वनीच्या वेगाने पसरतो आणि हा वेग धाग्याचा ताठपणा भागिले घनता यांच्या वर्गमुळाइतका असतो. अशा जॅकेटांसाठी वापरल्या जाणाऱ्या केव्हलार या कृत्रिम धाग्यात तो सेकंदाला सात किलोमीटरच्या आसपास भरतो. गोळी टेकल्यापासून सेकंदाच्या एक लक्षांश भागात ती चार मिलिमीटर पुढे सरकते, तेवढ्यात ताण दोन्ही बाजूंना सात-सात सेंटिमीटर पोहोचलेला असतो. गोळी उलटी फिरत नाही. ती चपटी होऊन कापडाच्या थरांत रुतून बसते आणि आतल्या माणसाला जबर मुका मार बसतो. अमेरिकेच्या चाचणीत जॅकेटमागे चिकणमातीसारखा लगदा ठेवतात आणि त्यात 44 मिलिमीटरपेक्षा खोल खळगा पडला तर जॅकेट नापास ठरवतात.

केव्हलारचा शोध ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी 1965 मध्ये लावला. रिचर्ड डेव्हिस नावाचा गृहस्थ त्या सुमारास डेट्रॉइटमध्ये पिझ्झाचे दुकान चालवत होता. 1969 मध्ये पिझ्झा पोहोचवायला गेला असता त्याच्यावर लुटारूंनी गोळ्या झाडल्या. तो वाचला आणि अंगात घालता येईल असे हलके कवच शिवण्याच्या मागे लागला, प्रथम जाड नायलॉनचे आणि पुढे केव्हलारचे. पोलिसांचा विश्वास बसावा म्हणून हा माणूस जॅकेट घालून स्वतःवरच गोळी झाडून दाखवत असे. असे त्याने दोनशेच्या जवळपास वेळा केले. त्याची ‘सेकंड चान्स’ ही कंपनी मिशिगन राज्यातील सेंट्रल लेक या गावी उभी राहिली. गावाची वस्ती हजाराच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे स्वतंत्र ग्रामपंचायतीपुरती. एवढ्याशा गावात शिवलेली जॅकेटे देशभरचे पोलीस घालत होते आणि त्यांमुळे वाचलेल्या पोलिसांची यादी कंपनी अभिमानाने ठेवत होती. ज्या गावाचे पोट एकाच जिनिंगवर चालते तेथे त्या जिनिंगचा भोंगा काय असतो, हे वऱ्हाडातल्या वाचकाला सांगायला नको.

1998 पासून या कंपनीने जपानच्या तोयोबो कंपनीचा झायलॉन हा नवा धागा वापरायला घेतला. कागदावर झायलॉन केव्हलारपेक्षा सरस होता. ताकद दीडपटीहून अधिक, ध्वनीचा वेग सेकंदाला दहा किलोमीटरवर आणि 600 अंशांपलीकडे तापवल्याशिवाय तो विघटित होत नाही अशी ख्याती. जॅकेट पातळ झाले, हलके झाले आणि पोलिसांना हवेहवेसे वाटू लागले. मग जून 2003 मध्ये कॅलिफोर्नियात एक पोलीस अधिकारी झायलॉनचे जॅकेट अंगात असताना मारला गेला, त्यानंतर काही दिवसांतच पेनसिल्व्हेनियात दुसऱ्याच्या जॅकेटमधून गोळी आरपार गेली. ज्या गोळ्या या जॅकेटांनी अडवायला हव्या होत्या, त्याच त्यांतून गेल्या होत्या.

आगीला दाद न देणारा धागा कशाने हरला, हा या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे आणि त्यासाठी थोडे रसायनशास्त्र सोसावे लागेल. झायलॉन हे बहुवारिक आहे, म्हणजे एकाच घटकाची हजारो वेळा जोडलेली साखळी. या साखळीत बेंझिनच्या षट्कोनी वलयांना ऑक्साझोलची पंचकोनी वलये चिकटलेली असतात, म्हणून ती वळत नाही, मुडपत नाही आणि ओढली तर लांबतही नाही. तिचा ताठपणा येतो तो येथूनच. ऑक्साझोलच्या पाच कोनांपैकी तिघांवर कार्बन, एकावर ऑक्सिजन आणि एकावर नायट्रोजन असतो. ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांच्या मधोमध सापडलेल्या कार्बनची इलेक्ट्रॉने दोन्हीकडून ओढली जातात आणि तो किंचित धनप्रभारित राहतो. पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजनला नेमके असेच ठिकाण हवे असते. तो त्या कार्बनला जोडला जातो आणि वलय उघडते. येथवर साखळी तुटलेली नसते; वलयाच्या जागी अमाइड बंध तयार होतो, जसा नायलॉनमध्ये असतो. मात्र पाण्याचा दुसरा रेणू या अमाइडवर चालून आला की साखळीचे दोन तुकडे होतात, एका टोकाला कार्बोक्झिलिक आम्ल आणि दुसऱ्या टोकाला अमाइन. या क्रियेला जलअपघटन म्हणतात.

निव्वळ पाण्याने हे फार सावकाश झाले असते. पण झायलॉनचा धागा पॉलिफॉस्फोरिक आम्लाच्या द्रावणातून काढतात आणि कितीही धुतला तरी फॉस्फोरिक आम्लाचा अंश त्यात मागे राहतो. आम्ल हे जलअपघटनाचे उत्प्रेरक, म्हणजे ती क्रिया वेगाने घडवणारे आहे. ते वलयातील नायट्रोजनला प्रोटॉन देते, त्यामुळे शेजारचा कार्बन आणखी धनप्रभारित होतो आणि पाण्याचे काम सोपे होते. धाग्यात सूक्ष्म पोकळ्याही असतात, त्यांतून बाष्प आत शिरते. भरीला उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. प्रयोगशाळेत 50 ते 70 अंशांच्या दमट हवेत ठेवलेल्या झायलॉनची ताकद घटत गेली, पण कोरड्या, बंद नळीत ठेवलेला धागा जवळपास तसाच राहिला. हा दोष एकट्या उष्णतेचा नव्हता, तिच्या जोडीला आलेल्या ओलाव्याचा होता.

अंबाडीचा जुना दोर वरून धड दिसतो आणि भरलेली बादली वर येताना तुटतो. तेथे कुजवणारे जंतू असतात, येथे जंतूंचा संबंध नाही, पण फसवणूक तशीच आहे. शेतकरी पोळ्याला कासरा हाताने ओढून पाहतो. जॅकेटला तशी परीक्षा नाही, कारण खरी परीक्षा गोळीनेच होते आणि त्यात जॅकेट निकामी होते.

गोळीपासून वाचवणारे ताईत आणि अंगारे आजही विकले जातात, आणि ते देणाऱ्या बाबांपैकी एकही डेव्हिससारखा स्वतःवर गोळी झाडून दाखवायला तयार होत नाही. 1905 मध्ये पूर्व आफ्रिकेत जर्मनांविरुद्ध उठलेल्या लोकांना मंत्रवलेले पाणी दिले होते, त्याने गोळ्यांचे पाणी होईल असे सांगून. हजारो माणसे मेली. पण ‘नॅनो’ आणि ‘अंतराळ तंत्रज्ञान’ असे शब्द लावून विकल्या जाणाऱ्या मालावर डोळे मिटून विश्वास ठेवणाराही मला ताईत बांधणाऱ्यांच्याच पंक्तीतला वाटतो. झायलॉनच्या जॅकेटांकडे प्रमाणपत्र होते. ते कोऱ्या मालाच्या चाचणीचे होते, सहा महिने घामात वापरलेल्या मालाचे नव्हते.

अमेरिकेच्या न्याय विभागाने 2005 मध्ये वापरलेली 103 झायलॉन जॅकेटे तपासली. त्यांतील 60 जॅकेटांतून किमान एक गोळी आरपार गेली. सर्व निकष पूर्ण करणारी फक्त चार निघाली. तोवर ‘सेकंड चान्स’ने ऑक्टोबर 2004 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली होती. खटले पुढे अनेक वर्षे चालले आणि 2018 मध्ये तोयोबोने 6 कोटी 60 लाख डॉलर भरून तडजोड केली. सेंट्रल लेकमधले शिवणाचे कसब मात्र वाया गेले नाही, कारण 2005 मध्येच डेव्हिसच्या मुलाने त्याच गावात कवचाचा दुसरा कारखाना काढला.

आज जॅकेटांत बहुधा केव्हलारच्या जातीचे धागे किंवा पॉलिएथिलीनचे धागे असतात. झायलॉनचा हा विशिष्ट दोष त्यांत नाही, पण केव्हलारला कडक ऊन सोसत नाही आणि पॉलिएथिलीनला उष्णता, म्हणून आतले पॅनेल, म्हणजे कापडाचे थर, काळ्या जलरोधक पिशवीत बंद करून मगच खोळीत सरकवतात. जेवून आलेल्या जवानाला मी एवढेच सांगितले की खोळ खुशाल वाळवा, आतले काढून सावलीत ठेवा. त्याने चेन उघडून पॅनेल बाहेर काढले आणि कडुनिंबाखालच्या बाकावर आडवे ठेवले. पिशवीच्या एका कोपऱ्याची शिवण उसवली होती. त्याने ती अंगठ्याने दाबून पाहिली, मोबाइलवर तिचा फोटो घेतला आणि आपल्या साहेबांकडे पाठवला.