कलम धरले नाही, की धरून खुरटले?

आंब्याचे कोयकलम बांधणाऱ्या कोकणातल्या कोणत्याही माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही. खुंटावर बांधलेली काडी थोड्याच दिवसांत काळी पडली, तर कलम धरले नाही, असे तो म्हणतो. धरलेले कलम फणसाच्या दाट सावलीत लावल्यामुळे वाढलेच नाही, तर ते खुरटले, असे म्हणतो. रत्नागिरीत शरीरक्रियाशास्त्र शिकवताना मला मात्र दरवर्षी उत्तरपत्रिकांमध्ये एकच वाक्य वाचावे लागते: रोपण केलेले यकृत आक्रसले, म्हणजे शरीराने ते नाकारले. हे वाक्य चुकीचे आहे, आणि ज्या प्रयोगांनी ते चुकीचे ठरवले त्यांना आता साठ वर्षे होत आली आहेत.

शरीर परके यकृत कसे नाकारते, म्हणजे रिजेक्शन, हे बहुतेकांना ठाऊक असते. यजमानाच्या लिंफोसाइट, म्हणजे संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, परक्या ऊतीला ओळखतात, पित्तनलिकांवर आणि शिरांच्या अस्तरावर हल्ला करतात, आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी तो हल्ला आवरता येतो. रक्तपुरवठ्याचे आकडेही पाठ असतात: यकृताकडे येणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश पोर्टल शिरेतून, म्हणजे आतडी, स्वादुपिंड आणि प्लीहा यांच्याकडून रक्त आणणाऱ्या शिरेतून, आणि उरलेले यकृत-धमनीतून येते, परंतु प्राणवायूच्या बाबतीत दोघींचा वाटा जवळपास निम्मा-निम्मा असतो.

गोंधळ होतो तो यापुढे. १९५५ मध्ये अमेरिकेतील ऑल्बनी येथे शल्यचिकित्सक स्टुअर्ट वेल्च यांनी कुत्र्याचे स्वतःचे यकृत जागेवर ठेवून त्याच्या पोटात दुसरे, जोड-यकृत बसवले. त्याला धमनी दिली, आणि त्याच्या पोर्टल शिरेत आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताऐवजी शरीराच्या खालच्या भागातून परतणारे सर्वसाधारण अशुद्ध रक्त सोडले. यकृत काही दिवसांतच लहान होत गेले आणि त्याचा दोष रिजेक्शनवर गेला. रक्त तर भरपूर मिळत होते, मग दुसरे कारण कोणते असणार, असा तो तर्क होता, आणि आजचा विद्यार्थीही नेमका तेथेच अडकतो, कारण रक्त म्हटले की त्याच्या मनात केवळ किती हा प्रश्न येतो, कुठून आलेले हा येत नाही.

१९६० च्या दशकात थॉमस स्टार्झल आणि थॉमस मार्चिओरो या शल्यचिकित्सकांनी प्रतिकारशक्ती दाबणारे औषध देऊनही जोड-यकृत आक्रसतेच, हे पाहिले. मग त्यांनी आतडी, स्वादुपिंड आणि प्लीहा यांच्याकडून येणारे रक्त जोड-यकृताला दिले व मूळ यकृताला त्यापासून वंचित ठेवले. तेव्हा जोड-यकृत टिकले आणि आक्रसले ते मूळ यकृत. मला यापेक्षाही निर्णायक वाटतो तो त्यांचा पुढचा प्रयोग, ज्यात कुठलेही रोपण नव्हते: कुत्र्याच्या स्वतःच्याच यकृताच्या एका भागाला पोर्टल रक्त आणि दुसऱ्याला महाशिरेतले, म्हणजे शरीरातून हृदयाकडे परतणारे, रक्त दिले, आणि दुसरा भाग आक्रसला. स्वतःचाच अवयव शरीर नाकारील कसे? हा एक प्रयोग ज्याला नीट सांगता येतो, त्याने बाकीचे विसरले तरी मी त्याला पूर्ण गुण देतो.

पोर्टल रक्तात असे काय असते, याचा शोध पुढे स्वादुपिंडापर्यंत पोहोचला. पोर्टल रक्ताचे दोन भाग करून स्वादुपिंडाकडचे एका बाजूला आणि आतड्यांकडचे दुसऱ्या बाजूला वळवले असता, स्वादुपिंडाकडचे रक्त मिळालेल्या बाजूच्या पेशी मोठ्या राहिल्या. १९७० च्या दशकातच आणखी एक गोष्ट दिसली: पोर्टल रक्त यकृताला वगळून थेट महाशिरेत नेणाऱ्या ‘एक’ (Eck) यांच्या नावाच्या फिस्टुलाच्या शस्त्रक्रियेनंतर, पोर्टल शिरेच्या डाव्या शाखेत थोडे इन्सुलिन सोडत राहिले, तर डाव्या खंडाच्या पेशी बऱ्याच अंशी वाचतात. आमच्याकडे न्हाणीमागचा माड विहिरीच्या शेंदलेल्या पाण्यावरच्या माडापेक्षा का भरतो, हे घरच्या म्हाताऱ्यांना विचारले तर ते पाण्याच्या घागरी मोजत नाहीत. न्हाणीचे पाणी सोबत काय घेऊन येते, ते सांगतात.

उंदरांच्या बाबतीतली शंका थोडक्यात उरकतो. उंदरांत यकृत रोपण करण्याच्या १९७९ च्या कामादा पद्धतीत यकृत-धमनी न जोडताही उंदीर जगतात, त्यावरून धमनी बिनमहत्त्वाची आहे असे काही जण लिहितात, आणि ते मला अजिबात मान्य नाही. माणसात पित्तनलिका जवळजवळ सर्वस्वी धमनीवरच जगतात. रोपणानंतर लवकर धमनी बंद पडली, तर यकृतपेशी तगल्या तरी पित्तनलिका मरतात आणि अनेकदा पुन्हा रोपण करावे लागते.

म्हणून आक्रसलेले यकृत समोर आले की मी विद्यार्थ्याला प्रथम सूक्ष्मदर्शकाकडे पाठवतो. पोर्टल भागांत, म्हणजे पोर्टल शिरेच्या शाखा, धमनी आणि पित्तनलिका जिथे एकत्र असतात तिथे, लिंफोसाइटांची गर्दी आणि जखमी पित्तनलिका दिसल्या तर ते रिजेक्शन. मांडणी शाबूत, गर्दी नाही, पण एकूणएक पेशी लहान झालेल्या दिसल्या तर ती पोर्टल रक्ताची उपासमार आहे, आणि तिच्यावर प्रतिकारशक्ती दाबणारे औषध कितीही वाढवले तरी उपयोग होत नाही.