जुनी फ्रेंच रोड सायकल : पारख, खरेदी आणि जीर्णोद्धार

दुसऱ्या महायुद्धानंतर साधारण १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत फ्रान्समध्ये बनलेली, पोलादी नळ्यांची, वाकड्या हँडलची आणि डिरेलर गिअरची (चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा) सायकल असा या नोंदीपुरता अर्थ घेतला आहे. प्यूजो, जितान, मोटोबेकान, मेर्सिए ही कारखान्यांची ठळक नावे. रने एर्स आणि आलेक्स सँजे यांच्यासारख्या कारागिरांच्या हातच्या सायकली वेगळ्याच पंक्तीत बसतात. प्यूजोची पीएक्स-१० हा या वर्गाचा नमुना मानावा : रेनॉल्ड्स ५३१ नळ्या, सिंप्लेक्स गिअर, माफाक ब्रेक आणि स्ट्राँगलाइट क्रँक (पेडलचे दांडे). याच कंपनीच्या संघाकडून बेर्नार तेवने याने १९७५ आणि १९७७ची तूर द फ्रान्स जिंकली.

या सायकलींचा जीर्णोद्धार अवघड होतो तो मापांमुळे. इंग्लंडची सायकल इंचात बनली, फ्रान्सची मिलिमीटरमध्ये, आणि दोन्ही मापे इतकी जवळ आहेत की चुकीचा भाग सुरुवातीला बसतोसुद्धा. फ्रेंच बॉटम ब्रॅकेटचे (पेडलच्या आसाचे फ्रेममधले घर) आटे ३५ मिमी. व्यासाचे आणि १ मिमी. अंतराचे, इंग्रजी आटे १.३७ इंच (३४.८ मिमी.) व्यासाचे, इंचाला २४. फ्रीव्हीलला (मागच्या दातेरी चक्रांचा संच) ३४.७ मिमी. व १ मिमी., पेडलला १४ मिमी. व १.२५ मिमी., चिमट्याच्या (पुढचे चाक धरणारा फोर्क) नळीला २५ मिमी. व १ मिमी. इंग्रजी फ्रीव्हील फ्रेंच हबवर (चाकाचा मधला तुंबा) दोन-तीन फेरे सहज फिरते आणि मग जाम होते. तिथेच थांबावे. पान्याला जोर दिला तर हबचे मऊ ॲल्युमिनियमचे आटे खरवडून निघतात आणि हब वाया जातो. १९८०च्या दशकात कारखाने हळूहळू इंग्रजी आट्यांकडे वळले, त्यामुळे त्या वर्षांतल्या सायकलीबद्दल काहीच गृहीत धरू नये. व्हर्नियर कॅलिपर आणि आटे मोजायची गेज नसेल, तर खरेदीला जाऊच नये.

खरेदीच्या वेळी रंग आणि चकाकी शेवटी पाहावी. आधी हेड ट्यूबच्या (हँडलखालची आखूड नळी) मागे, डाउन ट्यूबच्या (तिथून पेडलकडे उतरणारी नळी) खालच्या अंगावर बोट फिरवावे. तिथे फुगवटा किंवा रंगाला सुरकुती लागली, तर सायकल समोरून धडकलेली आहे. मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा आस बसतो ती खाच) दोरा हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणावा आणि सीट ट्यूबपासून (सीटखालची नळी) दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे, एक-दोन मिमी.पेक्षा जास्त फरक म्हणजे मागचा भाग वाकलेला. मग सीटपोस्ट (सीटची दांडी) आणि हँडलचा स्टेम (हँडल धरणारी दांडी) हलतो का ते पाहावे. पोलादात ॲल्युमिनियम वर्षानुवर्षे अडकून राहिले की दोन धातूंमध्ये क्षार धरतात. अमोनिया आणि मुरणारे तेल काही दिवस देत राहिल्यास बहुतेक सुटतात, पण न सुटण्याची शक्यता किमतीत धरावी. ज्या सायकलीचे मूळ क्रँक, ब्रेक आणि सीटपोस्ट जागेवर आहेत ती, रंग उडालेला असला तरी, सुटे भाग गायब असलेल्या चकचकीत सायकलीपेक्षा जास्त मोलाची. हरवलेला एकेक फ्रेंच भाग शोधताना मूळ किमतीइतका खर्च सहज होतो.

क्रँक काढताना सर्वाधिक नुकसान होते. आज मिळणारा पुलर (क्रँक ओढून काढायचे हत्यार) २२ मिमी.चा असतो, जुन्या स्ट्राँगलाइट क्रँकला २३.३५ मिमी.चा आणि टीए या कंपनीच्या जुन्या क्रँकला २३ मिमी.चा लागतो. लहान पुलर नुसता टोकांवर धरतो आणि आटे सोलून काढतो. स्वस्त मॉडेलांत कॉटर पिनचे (आडवी पाचर ठोकून आसावर बसवलेले) पोलादी क्रँक असतात. त्यांची पिन बहुधा ९ मिमी.ची, तर इंग्रजी पिन ९.५ मिमी.ची. क्रँक आधाराशिवाय ठेवून पिनेवर हातोडा मारला, तर धक्का बॉटम ब्रॅकेटच्या छर्ऱ्यांवर जातो आणि छर्रे ज्यात फिरतात त्या कपात खळगे पडतात. क्रँकखाली लोखंडी नळीचा टेकू लावावा.

बॉटम ब्रॅकेटच्या चेनकडच्या कपाबाबत विशेष जपावे. इंग्रजी सायकलीत तो उलट्या आट्यांचा असतो, फ्रेंच सायकलीत सुलट्या. आपल्याकडची काळी रोडस्टर इंग्रजी धर्तीची, त्यामुळे तिच्यावर हात बसलेला मिस्त्री सवयीने फ्रेंच कप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवतो आणि तो आणखी आवळतो. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या काही मोटोबेकानांत मात्र स्विस पद्धत आहे : माप तेच ३५ मिमी., पण हा कप उलट्या आट्यांचा. कप आतून गुळगुळीत असेल तर तो काढूच नये, हे उत्तम. रॉकेलने जागेवरच धुवावा, नवे ग्रीस भरावे आणि प्रत्येक बाजूला पाव इंची ११ छर्रे घालावेत. कप खराबच झाला असेल, तर फ्रेंच आट्यांचे नवे कप शोधावेत किंवा आट्यांवर अवलंबून नसलेले, दोन्ही बाजूंनी आवळून बसणारे सीलबंद युनिट वापरावे. इंग्रजी आटे पाडून घेण्याचा सल्ला घेऊ नये. व्यास आधीच मोठा असल्याने नवे आटे अर्धवट उमटतात.

फ्रेंच स्टेम २२ मिमी.चा, सर्वत्र मिळणारा २२.२ मिमी.चा. बारीक पॉलिश पेपरने गोलाकार घासून तो उतरवता येतो, कारण प्रत्येक अंगाने फक्त ०.१ मिमी. काढायचे असते. ठोकून बसवला तर चिमट्याची नळी फुगते. सीट ट्यूबचा बाहेरचा व्यास २८ मिमी. असल्याने पुढच्या डिरेलरचा २८.६ मिमी.चा पट्टा सैल बसून सरकतो. शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याचे दोन-तीन वेढे देऊन ही फट भरते. ५३१ नळ्यांच्या फ्रेमला बहुधा २६.४ मिमी.चा सीटपोस्ट लागतो, पण नळी आतून मोजल्याशिवाय मागवू नये.

सिंप्लेक्सचे डेल्रिन प्लास्टिकचे गिअर वयाने तडकतात, विशेषतः पुढच्या डिरेलरचा पट्टा. प्रदर्शनापुरती सायकल असेल तर ठेवावेत; रोज चालवायची असेल तर धातूचा डिरेलर बसवावा. सिंप्लेक्स ड्रॉपआउटच्या भोकाला आटे नसतात. तिथे १० मिमी. व १ मिमी.चा टॅप फिरवावा लागतो आणि डिरेलर अडण्यासाठी कानशीने खाच करावी लागते. हा बदल परत फिरवता येत नाही, म्हणून दुर्मीळ फ्रेमवर करू नये. माफाकचे ब्रेक मात्र आजही सुरेख थांबवतात. त्यांची किंचाळी जुन्या, कडक झालेल्या रबरामुळे असते. नवे मऊ रबर लावून त्याचे पुढचे टोक रिमला आधी टेकेल असे किंचित तिरके बसवावे.

चाक उसवण्याआधी फ्रीव्हील काढून घ्यावे. आरे काढल्यावर हबला धरायला काही उरत नाही. टायर मागवताना रिमवरचे माप पाहावे : ७००सी म्हणजे ६२२ मिमी., निर्यातीच्या मॉडेलांचे २७ इंची म्हणजे ६३० मिमी., आणि रोडस्टरचे २८ इंची म्हणजे ६३५ मिमी. एकाचे टायर दुसऱ्याला बसत नाही. जुन्या रिमच्या कडेला आतून हुक नसेल, तर हवा ७० पीएसआयच्या वर नेऊ नये. टायर कडेवरून निसटते.

मूळ रंग आणि स्टिकर शक्य तितके राखावेत. कोमट साबणाचे पाणी, मग गाडीचे पॉलिश, एवढेच पुरते. थिनर लावला की स्टिकर विरघळतात. क्रोमवरचा गंज ओल्या ॲल्युमिनियम फॉइलने घासून जातो. सुट्या पोलादी भागांसाठी ऑक्झॅलिक ॲसिडचे सौम्य द्रावण चालते, पण ते विषारी आहे. हातमोजे घालावेत आणि भाग नंतर भरपूर पाण्याने धुवावेत.

जोडणी झाल्यावर पहिल्या ५० ते १०० किमी.नंतर क्रँकचे बोल्ट पुन्हा आवळावेत. त्याच वेळी चेनकडचा कप तपासावा, कारण फ्रेंच आट्यांचा हा कप पेडल मारताना स्वतःहून सैल होत जातो. बसवतानाच त्याला लांब दांड्याच्या पान्याने पूर्ण जोर द्यावा. पाना घसरू नये म्हणून बोल्ट आणि वॉशरने तो कपावर दाबून धरावा.