ग्राही टायरोसीन कायनेज जनुकांचे कर्कजनुकांत रूपांतर

ग्राही टायरोसीन कायनेज ही पेशीपटलात रोवलेली प्रथिने असून बाहेरून आलेला वाढीचा संदेश पेशीच्या आत पोहोचवणे हे त्यांचे काम आहे. माणसात त्यांची ५८ जनुके आहेत आणि ती २० कुळांत विभागली जातात. या जनुकांत विशिष्ट प्रकारचे उत्परिवर्तन झाले, की संदेश नसतानाही प्रथिन कार्यरत राहते व पेशी थांबण्याचे विसरते. अशा बिघडलेल्या जनुकास कर्कजनुक, तर त्याच्या निरोगी रूपास पूर्वकर्कजनुक म्हणतात.

निरोगी अवस्थेत ग्राहीचा बाहेरचा भाग वृद्धिघटकाला धरतो, त्यामुळे बहुतेक कुळांत दोन ग्राही जवळ येऊन त्यांची जोडी जमते, आणि आतील कायनेज भाग एकमेकांच्या टायरोसीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसवतात. तेथून संदेश रास आणि पीआय-३-के या पेशीतील प्रथिनांच्या मार्गांनी पुढे जातो. संदेश थांबवण्याची व्यवस्थाही तितकीच महत्त्वाची आहे : काही विकरे (एन्झाइम) फॉस्फेट काढून टाकतात, आणि वापरलेला ग्राही पेशीच्या आत ओढला जाऊन मोडला जातो. गोव्यातील खाजन शेतीची, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतीची, मानस (बांधातील झडपांची मोरी) ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सहज उमगेल. भरतीच्या दाबाने तिची दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडून शेतातले पाणी नदीत सोडतात. दार उघडेच अडकले, तर खारे पाणी शेतात शिरत राहते. कर्कजनुकाने बनवलेला ग्राही म्हणजे असे अडकलेले दार होय.

कर्कजनुक हे मुळात आपलेच जनुक असते, याचा ग्राहींबाबतचा ठोस पुरावा १९८४ मध्ये मिळाला. कोंबड्यांत रक्तपेशींचा कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूतील जनुक हे ईजीएफआर या ग्राहीच्या जनुकाची खुडलेली प्रत असल्याचे तेव्हा आढळले. विषाणूने ते यजमान पेशीतूनच उचलले होते, आणि त्या प्रतीत संदेश धरणारा बाहेरचा भाग जवळजवळ नव्हताच.

बिघाडाच्या वाटा अनेक आहेत. हर-२ या ग्राहीच्या जनुकात बहुधा एकही अक्षर बदललेले नसते, केवळ त्याच्या प्रती वाढतात. पेशीपटलावर ग्राहींची इतकी दाटी होते, की ते आपसांतच जोड्या जमवतात. स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १५ ते २० टक्के रुग्णांत हे आढळते. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राचा एक तुकडा उलटा बसतो आणि एएलके या ग्राहीच्या जनुकाचा कायनेज भाग ईएमएल-४ या परक्या जनुकाला जोडला जातो. हा संयोग २००७ मध्ये सापडला. ईएमएल-४ प्रथिनाला स्वतःच जोडी जमवण्याची खोड असल्याने संदेशाची गरज उरत नाही.

ईजीएफआरमधील एल-८५८-आर हा बदल अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे. ८५८व्या जागी ल्युसीन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनीन आले, की कायनेजचे मिटलेले रूप अस्थिर होते आणि उघडे रूप टिकून राहते. त्याच वेळी एटीपी, म्हणजे ज्याच्याकडून कायनेज फॉस्फेट घेते तो रेणू, धरण्याची त्याची पकड सैल होते, म्हणून त्याच खोबणीत बसणारी जेफिटिनिबसारखी औषधे तेथे सहज शिरकाव करतात. कर्करोगाला बळ देणारा बदलच औषधालाही वाट देतो, हे २००४ मध्ये स्पष्ट झाले. पुढे टी-७९०-एम हा दुसरा बदल झाला, की एटीपीची पकड पुन्हा घट्ट होते आणि औषध निष्प्रभ ठरते. त्यासाठी ओसिमर्टिनिब हे वेगळ्या घडणीचे औषध विकसित झाले. एल-८५८-आरसारखे ईजीएफआरमधील बदल कधीही धूम्रपान न केलेल्या रुग्णांत अधिक दिसतात, म्हणून फुप्फुसाचा कर्करोग म्हणजे विडी-सिगारेटचेच फळ असे समजून रुग्णाला बोल लावणे अन्यायाचे आहे.

नुसते जनुकाचे नाव कळून भागत नाही, ते कोठे व कसे बिघडले हे कळावे लागते. आरईटी हे ग्राहीचे जनुक त्याचे उत्तम उदाहरण आहे. ते निकामी झाले, तर बाळाच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशी तयार होत नाहीत. त्याच्या बाहेरील भागातील ६३४व्या जागेचे सिस्टीन हे अमिनो आम्ल बदलले, तर एरवी प्रथिनाच्या आतच बांधले गेलेले दुसरे सिस्टीन एकटे पडते, शेजारच्या ग्राहीशी बंध जोडते आणि कायमची जोडी जमते. परिणामी अवटू (थायरॉइड) ग्रंथीचा मेड्युलरी या प्रकारचा कर्करोग आनुवंशिकतेने येतो.

गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे गोमेकॉत, स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या रुग्णांच्या कुटुंबांनी बायोप्सीच्या अहवालातील हर-२च्या ओळीकडे आवर्जून पाहावे. हर-२ प्रथिन दाखवणाऱ्या रंगतपासणीत ३ गुण आले तर ट्रास्टुझुमॅबसारखी हर-२विरोधी औषधे उपयोगी ठरतात. २ गुण आले तर निष्कर्ष संदिग्ध असतो आणि जनुकाच्या प्रती मोजणारी फिश चाचणी करावी लागते. हा बिघाड गाठीतच घडलेला असल्याने तो मुलांकडे जात नाही. आनुवंशिक आरईटीचे तसे नाही : तेथे प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून मेड्युलरी कर्करोगाच्या रुग्णात हा बदल सापडल्यास भावंडांची व मुलांची रक्तचाचणी केली जाते. ज्या मुलात तो आढळतो त्याची अवटू ग्रंथी कर्करोग होण्याआधीच, ६३४व्या जागेच्या बदलात साधारणपणे पाचव्या वर्षापर्यंत, काढली जाते. ज्याच्यात आढळत नाही त्याला या रोगासाठी पुन्हा तपासावे लागत नाही.